काटेकाका आणि फायनलची कॅसेट

काटेकाका कुणालाही वेळ सांगत नसत. रस्त्यात कुणी "किती वाजले?" असं विचारलं, की ते घड्याळाचा हात आधी पाठीमागे न्यायचे, समोरच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि म्हणायचे, "तुज्याकडं घड्याळ नाय?" नाही म्हटलं तर का नाही, होतं तर कुठे गेलं, आणि वेळ कळून तो करणार काय, अशी सगळी चौकशी व्हायची. तोवर त्या बिचाऱ्याची एसटी निघून गेलेली असायची.

त्यांचं खरं नाव मी सांगत नाही. आज ते असते आणि आपलं नाव छापलेलं त्यांनी पाहिलं असतं, तर "हे लिवायला तुला कुणी सांगितलं?" असं त्यांनी मला विचारलं असतं, आणि कुणीच नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नसता. साजगावच्या एका कारखान्यात ते वजनकाट्यावर होते. भंगार घेऊन आलेला ट्रक आधी भरलेला तोलायचा, माल उतरला की रिकामा तोलायचा, आणि मधला फरक तो माल, असं ते काम. म्हणून सगळे त्यांना काटेकाका म्हणत. सत्तरच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागलो आणि पुढची बरीच वर्षं त्यांच्या नजरेखाली काढली. नजरेखाली हा शब्द मी उगाच वापरत नाही.

काट्यावर लबाड्या फार चालत. भरलेल्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली क्लीनर निजलेला असायचा, म्हणजे त्याचंही वजन भंगारात धरलं जायचं. कुणी गाडीखाली पाण्याचा पिंप बांधून आणायचा आणि रिकाम्या वजनाच्या आधी गुपचूप नाल्यात ओतायचा. काका गाडीखाली वाकून बघायचे, ताडपत्रीवर काठी आपटायचे, पण त्यांचा खरा भरवसा त्यावर नव्हताच. ट्रक काट्यावर चढला की ते ड्रायव्हरला खाली उतरवून समोर उभा करायचे आणि काट्याकडे पाठ करून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. काटा मी वाचायचा. "खोटं वजन आधी तोंडावर येतं," ते सांगायचे, "मंग काट्यावर." ड्रायव्हर लोक त्यांना टरकून असत. पापण्यासुद्धा मोजूनमापून हलवत.

हा संशय कारखान्याच्या फाटकात संपत नसे. दुधात पाणी आहे हे सगळ्यांनाच माहीत असतं, काकांना पाणीही चांगलं नसेल असं वाटायचं. कुणी "बरं आहे ना, काका?" म्हटलं की "तुला कुणी काय बोललं का?" हे उत्तर. कुणाच्या घरी बारशाला गेले तर बाळाचा चेहरा कुणासारखा आहे यावर मत द्यायचे नाहीत, मात्र बघायचे बराच वेळ. त्यामुळे त्यांना बारशाला बोलावणं लोकांनी बंद केलं होतं.

असा माणूस फुटबॉलचा रेफरी होता, यात मला तरी नवल वाटत नाही. आमच्या कर्जत-खालापूर भागाचा खरा खेळ कबड्डी. फुटबॉल आला तो कारखान्यांबरोबर, केरळ-बंगालकडून आलेल्या साहेबांच्या पाठोपाठ. काका तरुणपणी मुंबईला गोदीत होते, तिथे खेळ शिकून आले होते, आणि नियम पाठ असलेला दुसरा माणूस पंचक्रोशीत सापडत नव्हता. मग खोपोली म्हणा, रसायनी म्हणा, कर्जत म्हणा, कुठेही मॅच असली की शिट्टी काकांची.

मॅचच्या दिवशी ते सायकलवर यायचे. दोन्हीपैकी कुठल्याही संघाच्या टेंपोत बसायचे नाहीत, कुणाचा चहा प्यायचे नाहीत, पाण्याची बाटलीही घरची. एक शिट्टी गळ्यात आणि एक खिशात, कारण गळ्यातल्या शिट्टीतला मणी कुणी काढला तर? नाणेफेकीचं नाणं आधी दोन्ही कर्णधारांना हातात घेऊन उलटंपालटं करायला लावायचे. मग दोन्ही गोलांच्या मागे फिरून बुटाच्या टोकाने माती उकरायचे. समोरच्या संघाच्या गोलमागे लिंबू पुरायची आमच्याकडे पद्धत होती, आणि काकांना ते बहुतेक वेळा सापडायचं. लिंबाचा गुण येतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण ज्याने पुरलं त्याच्या मनात काय होतं ते कळतं, असं ते म्हणत.

एकदा त्यांनी खेळ मधेच थांबवून खेळाडू मोजले. एका संघात एक माणूस जास्त भरला. पुन्हा मोजले, पुन्हा जास्त. कर्णधार शपथा घ्यायला लागला, लोक ओरडायला लागले. शेवटी कळलं की कडेला झेंडा घेऊन उभा असलेल्या मला त्यांनी दरवेळी त्या संघात धरलं होतं. लोक हसले, मीही हसलो. काका मात्र माझ्याकडे बघत म्हणाले, "चूक माजी नसंल."

आणि एकदा त्यांनी सख्ख्या भाच्याला मैदानाबाहेर काढलं. दुसऱ्या कुणी तशी लाथ मारली असती तर नुसती ताकीद देऊन भागलं असतं. घरी बहिणीने जाब विचारला तेव्हा म्हणाले, "त्याला बघून माजा हात ढिला पडत होता. म्हणून काढला." स्वतःवरही संशय घेणारा माणूस मी एवढाच पाहिला. त्यामुळे माझ्यावरचा त्यांचा संशय मी कधी मनाला लावून घेतला नव्हता. सगळ्यांना मिळतो तसा आपल्यालाही वाटा, असं मी धरून चाललो होतो.

लाइन्समन म्हणून त्यांनी मला घेतलं तेव्हा मला तर अभिमानच वाटला होता. एवढ्या लोकांतून मलाच का, असं विचारल्यावर म्हणाले, "तू माज्या डोळ्यासमोर असतोस." मी त्याचा सोयीचा अर्थ घेतला.

ज्या फायनलबद्दल सांगायचं आहे ती ऐंशीच्या दशकातली, व्हिडिओ आमच्याकडे नुकता आला होता तेव्हाची. लग्नात हार घालताना डोळे दिपवणारा दिवा लागायचा आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस भटजींनाही बाजूला सारायचा, ते दिवस. टीव्हीवर परदेशातल्या फुटबॉलच्या मॅच दाखवल्या होत्या आणि गोल झाला की तोच गोल पुन्हा, सावकाश, दुसऱ्या बाजूने दाखवत. काका शेजाऱ्याकडे बसून ते बघत होते. बघून झाल्यावर मला म्हणाले, "यातला खरा कंचा? पयला का दुसरा?" दोन्ही एकच, असं मी म्हटलं. "मंग दोनदा कशाला दाखवतात? खऱ्याला एकदा दाखवलं तर पुरतं."

रसायनीच्या एका केमिकल कारखान्याचा संघ आणि कर्जतचा संघ असा तो सामना होता. मैदान रसायनीच्या कारखान्याचं. रसायनीच्या संघात आमचा बबन होता. आमचा म्हणजे कुंभिवलीचा, आणि कुंभिवलीतही आमच्या बौद्धवाडीतला, माझ्या घरापासून चार घरं पलीकडचा. माझ्याहून लहान, पण लग्न झालेलं, एक मुलगी. कारखान्यात तो कंत्राटदाराकडून पोती उचलायला होता, आणि दर काही महिन्यांनी त्याचा फाटकाचा पास संपायचा. नवा निघेपर्यंत तो घरी बसायचा आणि पुन्हा निघेल की नाही या काळजीत सगळं घर बसायचं. तो पायाने चेंडूला काय करायचा ते साहेबांनी एकदा मधल्या सुट्टीत पाहिलं आणि संघात घेतलं. सेमीफायनलनंतर मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "कप आणून दे, पुढच्या महिन्यात तुला कायम करतो." वाडीत ही बातमी बबनच्या आधी पोहोचली. त्या आठवड्यात त्याच्या बायकोला बाया नळावर पुढे जागा द्यायला लागल्या होत्या.

मी काकांना सरळ सांगितलं, "काका, बबन आमच्या वाडीतला आहे. फायनलला दुसरा लाइन्समन घ्या."

काका खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले. "सांगितलंस म्हंजे तू चोर नाय," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण सांगून चोरी करणारे बी असतात. तूच ऱ्हा."

फायनलच्या दिवशी मैदानावर व्हिडिओवाला दिसल्याबरोबर काकांनी लिंबू शोधायचं सोडून आधी त्याला गाठलं. तो खोपोलीचा, लग्नाचं शूटिंग करणारा. खांद्यावर कॅमेरा, कमरेला रेकॉर्डरची जड पिशवी, आणि अंगात झगझगीत शर्ट.

"यात काय होतं?" काकांनी विचारलं.

"सगळं भरून ठेवतो, काका. गोल झाला, भांडण झालं, की कॅसेट मागं घ्यायची आणि पुन्हा बघायची. तुमालाच बरं."

"मागं घेता येतं?"

"येतं की. कितीबी येळा."

"मॅच मागं घेता येत नाय," काका म्हणाले. "जे मागं घेता येतं त्याच्यावर माजा भरवसा नाय."

मॅनेजरसाहेब जवळच उभे होते. ते हसून म्हणाले, "अहो, पुढे असंच होणार आहे. रेफरीला मैदानातच टीव्ही दाखवतील आणि मग तो शिट्टी मारेल."

"मंग टीव्हीवाल्यावर नजर कोण ठेवणार?" काकांनी विचारलं. साहेबांना ही थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

पाहुण्यांचा मांडव खरं तर मैदानाच्या कडेला, मध्यरेषेसमोर घालायचा. पण तिथे ऊन होतं म्हणून तो झाडांच्या सावलीत, कर्जतवाल्यांच्या गोलच्या बाजूला सरकवला होता. माझी धावायची रेघ बरोबर मांडवासमोरून जात होती. व्हिडिओवाला समोरच्या बाजूला उभा होता. सुरुवातीला त्याने बबनला "जरा पुन्हा मारता का, इकडं बघून," असं दोनदा सांगितलं. लग्नात नवरानवरीला पुन्हा हार घालायला लावतात तसं. काकांनी शिट्टी मारून त्याला रेघेबाहेर घालवलं.

मॅच संपायला आली तरी गोल कुणाचाच नव्हता. तेवढ्यात मांडवात गडबड उडाली. मुंबईहून यायचे ते कंपनीचे मोठे साहेब एकदाचे उगवले होते, आणि मॅच संपेपर्यंत थांबायला त्यांना वेळ नव्हता म्हणून त्यांना तिथल्या तिथे हार घालायचं चाललं होतं. इकडे बबनला डावीकडून चेंडू मिळाला. त्याने एकाला चकवलं आणि पायाच्या बाहेरच्या बाजूने असा हाणला की गोलकीपर नुसता बघत राहिला. चेंडू वरच्या बारच्या खालच्या अंगाला लागला, खाली रेघेच्या आत आपटला, आणि फिरून बाहेर आला. रेघेच्या आत. मी समोर होतो, माझ्या आणि त्या रेघेच्या मधे कुणी नव्हतं. मी झेंडा खाली घेऊन मध्यरेषेकडे धावत सुटलो. गोल झाला की लाइन्समनने असंच धावायचं असतं.

काकांनी हात हलवला. खेळ चालू ठेवा.

रसायनीची पोरं हात वर करून नाचत होती, त्यांना कळायलाच वेळ लागला. तेवढ्यात कर्जतच्या गोलकीपरने चेंडू लांब मारला, त्यांचे दोघं मोकळ्या मैदानात पळत गेले आणि त्यांनी दुसऱ्या टोकाला गोल केला. त्यावर मात्र काकांची शिट्टी वाजली. थोड्याच वेळात मॅच संपली आणि कप कर्जतला गेला.

पुढे जे व्हायचं ते झालं. चपला आल्या, शिव्या आल्या. काकांचं मूळ गाव कर्जतकडचं, तेव्हा कुणीतरी म्हणालं की त्यांनी पाकीट घेतलं. ज्याने चहासुद्धा घेतला नाही त्याने पाकीट घेतलं म्हणे. मला स्वतःला काय वाटावं ते कळत नव्हतं. माझा झेंडा त्यांनी पाहिला होता. पाहून हात हलवला होता. बबन गोलच्या खांबाला टेकून बसला होता आणि त्याची मुलगी त्याच्या बुटाच्या नाड्या सोडत होती.

"भांडता कशाला?" कारखान्याचे क्रीडासचिव म्हणाले. "आपल्याकडे व्हिडिओ आहे ना." आणि सगळ्यांना वाटलं होतं की काका नको म्हणतील. ते म्हणाले, "बघा की. समदे मिळून बघा. मी बी येतो."

चार दिवसांनी, दुपारच्या पाळीनंतर, कारखान्याच्या क्लबात कलर टीव्ही मांडला. क्लब साहेबांसाठी आणि कायम लोकांसाठी. पंच म्हणून काकांना आणि मला आत घेतलं. बबनला बोलावणं नव्हतं. कंत्राटी पासावर क्लबात सोडत नाहीत, असं फाटकावरच्या वॉचमनने मला सांगितलं, जसं काही हे मला नवीन होतं.

कॅसेट सुरू झाली ती फुलांच्या चौकटीतल्या गणपतीपासून. "सनई भरायची ऱ्हायलीय अजून," व्हिडिओवाला माफी मागत म्हणाला. मग मॅनेजरसाहेबांची मोटार आली, मग त्यांच्या मिसेस आल्या, मग वेफर्स खाणारी पाहुणेमंडळी बराच वेळ दिसली. मधून मधून फुटबॉल होता. साहेब खूश होते. शेवटी तो क्षण आला, आणि पडद्यावर काय होतं, तर मुंबईच्या साहेबांच्या गळ्यात पडणारा हार.

चेंडू नाही, गोल नाही, बबन नाही. हार गळ्यात पडतोय, आणि त्याच वेळी बार वाजल्याचा "ठण्" असा आवाज, आणि लोकांचा ओरडा. कॅमेरा मात्र हारावरच.

"अरे, गोल कुठाय?" क्रीडासचिवांनी विचारलं.

"साहेबांचा हार चालू होता ना," व्हिडिओवाला म्हणाला. "लग्नात काय बी चुकलं तरी चालतं साहेब, पावण्यांचा हार चुकला तर पार्टी पैसे देत नाय."

लोक हसले. मॅनेजरसाहेब उठले आणि म्हणाले, "थोडक्यात, यात काहीच दिसत नाही. तेव्हा रेफरींचा निर्णय बरोबर धरायचा. आमचं तुमच्याबद्दल काही म्हणणं नाही, काका." खुर्च्या सरकायला लागल्या. काका सुटले होते. पाकिटाचा डाग पुसला गेला होता आणि दार उघडं होतं.

काका बसूनच होते. "मागं घ्या," ते म्हणाले.

व्हिडिओवाल्याने कॅसेट मागे घेतली. हार गळ्यातून निघून वर गेला आणि पुन्हा पडला. ठण्.

"पुन्ना."

तिसऱ्यांदा मलाही दिसलं. मांडवासमोर मी होतो, झेंडा हातात, तोंड उजवीकडे गोलच्या दिशेला. आणि अलीकडे, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, काकांची पाठ आणि त्यांची टोपी. चेंडू उजवीकडे होता. खेळाडू उजवीकडे धावत होते. काकांची टोपी उजवीकडे वळलेलीच नव्हती. ती सरळ माझ्याकडे होती. ठण् वाजलं तेव्हाही.

काका उठून टीव्हीजवळ गेले आणि त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "काय दिसत नाय कसं? समदं दिसतंय. हा मी. चेंडू तिकडं हाय आनि मी हितं बघतोय. मी गोल बघितलाच नाय."

मग त्यांचं बोट माझ्या चित्रावर सरकलं. "हा बघतोय. ह्याचं तोंड बघा. चेंडू आत पडला तसं उघडलं. हे खोटं तोंड नाय. गोल होता."

ज्या दोषातून ते आत्ताच सुटले होते तो त्यांनी स्वतःच्या हाताने परत आपल्या गळ्यात घालून घेतला होता. मला त्या क्षणी त्यांचं कौतुक वाटलं नाही. मला राग आला, आणि तो वाढतच गेला. कारण मी त्या टोपीकडे बघत होतो.

"तुमचा प्रामाणिकपणा मोठा आहे," मॅनेजरसाहेब म्हणाले, "पण कप गेला तो गेला."

"कप ऱ्हाऊ द्या. पोराला कायम करतो बोलला व्हता तुमी."

"जिंकलो तर म्हणालो होतो. जिंकलो का?" साहेब शांतपणे म्हणाले आणि त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितला. बबनचा पास त्या महिन्याअखेर संपला आणि पुन्हा निघाला नाही, ते पुढचं. पण आम्हाला ते तिथेच कळून चुकलं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी बोललो. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "दर मॅचला तुम्ही माझ्याकडेच बघत होता?"

"दर मॅचला नाय," ते म्हणाले. "त्या दिवशी बघितलं."

"आणि माझं तोंड खोटं नाही हे आज दिसलं? तेव्हा समोरच होतो की मी. ड्रायव्हरचं तोंड तुम्हाला लगेच कळतं."

काका चालता चालता थांबले. रस्त्यावरून टँकर जात होते, ते सगळे जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी तुजं तोंड नाय बघितलं. तुजी वाडी बघितली."

इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांचा संशय सगळ्यांवर सारखा आहे, तो सगळ्यांवर सारखा नव्हता. भाच्याला काढताना त्यांनी स्वतःच्या हातावर संशय घेतला होता, भाच्यावर नाही. हे मला दुखलं, आणि आजही आठवलं की दुखतं. पण एक खरं, हे त्यांनी मला सांगितलं. न सांगता त्यांना सहज राहता आलं असतं, आणि मला ते कधीच कळलं नसतं.

"बबनच्या घरी चल," ते म्हणाले. "त्याला मीच सांगतो."

इतक्या वर्षांत काका आमच्या वाडीत एकदाही आले नव्हते. आम्ही टेंपोने कुंभिवलीला उतरलो तेव्हा अजून उजेड होता. बबन अंगणात लाकडं फोडत होता. त्याच्या बायकोने आम्हाला बघून डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिने आधी तेच विचारलं, "कामावर ठेवनार हायेत का ह्यांना?"

"नाय," काका म्हणाले.

ती आत निघून गेली. बबनने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि उभा राहिला.

"बबन, तुजा गोल व्हता," काका म्हणाले. "हे सांगाया आलो."

"ते मला ठाऊक हाय."

"मला दिसला नाय. मी ह्याच्याकडं बघत व्हतो. हा आपल्या वाडीवाल्याला गोल देतो का काय, म्हणून."

बबनने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. त्याला राग आल्यासारखा वाटला नाही. हिशोब जुळत नसावा तसा तो विचार करत होता. "आनि तो कॅमेरा?" त्याने विचारलं.

"तो साहेबांच्या हाराकडं," मी म्हणालो.

"म्हंजे मी मारला तवा माज्याकडं कोनच बघत नव्हतं."

"मी बघत होतो रं, बबन," मी म्हणालो. "मला नीट दिसला."

"तू बघत व्हतास," बबन म्हणाला. "पण तुजं ऐकतंय कोन?"

त्याने हे मला विचारलं, पण बघत तो काकांकडे होता. काका टोपी हातात घेऊन उभे होते. उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं.